ढगवहिनी आणि मधली जागा

ढगवहिनींची आणि माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी सरोवरात पडलो होतो.

नुसता पडलो नव्हतो. सरोवर फाडून पलीकडे गेलो होतो. जाताना एक होडी, कमळाची बरीचशी पानं आणि संगमरवरी कठड्याचा मोठा तुकडा बरोबर नेला होता. आजवर पुष्कळ माणसं पाण्यात पडली असतील, काही तळापर्यंतही पोचली असतील. पण तळाच्याही पार जाऊन, तिथे स्टुलावर बसून चहात बिस्किट बुडवणाऱ्या बाईंच्या पुढ्यात, डोक्यावर अर्धा हंस घेऊन उपटलेला माणूस मीच पहिला असावा. बाई जराही दचकल्या नाहीत. त्यांनी आधी बिस्किट वाचवलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग वर लोंबणाऱ्या सरोवराकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, "ओलं होतं ना अजून."

"मला काय माहीत! ते म्हणाले, कठड्यावर हात ठेवा."

"ठेवा म्हणाले असतील," बाई म्हणाल्या. "टेका म्हणाले नसतील."

झालं होतं असं, की माझं पहिलं पुस्तक निघत होतं आणि प्रकाशकाला मागच्या पानावर छापायला माझा एक विचारमग्न फोटो हवा होता. विचारमग्न दिसणं मला कधी जमलेलं नाही. मी विचार करू लागलो की लोक मला पाणी आणून देतात. म्हणून बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथले फोटोवाले कॅमेऱ्यामागून ओरडत होते, "हनुवटी खाली, विचार वर! हात कठड्यावर, नजर सरोवराच्या पलीकडे!" आता तो कठडा कापडावर रंगवलेला आहे हे मला ठाऊक होतं. पण तो इतका खरा होता की त्या दगडाचा गारवा माझ्या तळहाताला लागला, शपथेवर सांगतो. मी निर्धास्तपणे सगळं वजन त्याच्यावर टाकलं, आणि माझं वजन तेव्हाही चारचौघांसारखं नव्हतं.

फोटो मात्र अप्रतिम आला. फोटोवाल्यांनी नेमकं त्याच क्षणी बटण दाबलं होतं. पुस्तकाच्या मागे माझा जो चेहरा आहे, दूर कुठेतरी काहीतरी कायमचं निसटत चाललंय असा, आणि ज्यातल्या चिंतनाच्या खोलीबद्दल एका वाचकाने मला चार पानी पत्र लिहिलं, तो चेहरा तोल गेलेल्या माणसाचा आहे.

तेव्हापासून मी त्या घरचा झालो. सरोवर फाडल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो कापणाऱ्या सासूबाई, म्हणजे फोटोवाल्यांच्या आई, मला पुढे आयुष्यभर 'बुडालेला' म्हणत राहिल्या. "आला का बुडालेला? चहा टाक गं त्याला."

बाईंना ढगवहिनी हे नाव मी ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा तेच म्हणू लागला. स्टुडिओतले मागचे पडदे त्या रंगवायच्या. आधी हे काम त्यांचे सासरे करत. ते गेले तेव्हा वहिनी नव्याने घरात आलेल्या होत्या. त्यांना पडद्याचं सगळं तंत्र सासूबाईंनी शिकवलं. सासूबाईंनी स्वतः कधी ब्रश हातात धरला नव्हता, पण नवऱ्याच्या कामात चुका काढण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता.

पडदा आणि मागची भिंत यांच्यामध्ये हात पसरता येतील एवढीच जागा. वर कौलात एक काच. दुपारी त्या काचेतून उजेडाचा एक पट्टा खाली उतरायचा आणि त्यात धूळ इतक्या सावकाश तरंगायची, की घड्याळालाही लाज वाटावी. तिथे रंगात कालवायच्या सरसाचं पातेलं, रंगांचे डबे, एक स्टूल आणि वहिनी. मी बाजारात पिशवी घेऊन निघायचो आणि त्या बोळात जाऊन बसायचो. बायको म्हणायची, "भाजी आणायला दोन तास?" मी म्हणायचो, "वाटेत जंगल लागलं."

कारण खरंच लागायचं. वहिनी ब्रश फिरवत असायच्या आणि मी बसल्या जागी कुठून कुठे जायचो. "ढग रंगवायचा नसतो, भाऊजी," त्या सांगायच्या. "आकाश रंगवायचं. मग ओल्या फडक्याने जिथे पुसलं तिथे ढग." आणि त्या पुसायच्या, श्वास रोखून, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तशा. फडकं उचललं की तिथे ढग असायचा. तो हलत नसे, पण मी नजर दुसरीकडे वळवली की हलतो, असा माझा वहीम होता.

आमच्या गावाला डोंगर नाही. समुद्र नाही. तळं म्हणावं तर नगरपालिकेची टाकी आहे. पण गावातल्या प्रत्येक घरात, भिंतीवर, कपाटावर, नाहीतर गादीखालच्या पाकिटात एक सरोवर आहे. मुलं त्या फोटोंसमोर मोठी झाली आणि त्यांना वाटू लागलं, आपण लहानपणी तिथे गेलो होतो. आमच्या किराणावाल्याचा आणि त्याच्या बायकोचा अजून वाद आहे, की त्या सरोवरावर ते लग्नाआधी गेले होते की नंतर. ती म्हणते नंतर, कारण लग्नाआधी तिला घरून सोडलंच नसतं. तो म्हणतो आधी, कारण त्याला तिथली थंड हवा आठवते. गावातल्या निम्म्या संसारांवर एकच चंद्र उगवलेला आहे, आणि तो वहिनींनी सरसाच्या पातेल्याचं झाकण ठेवून आखलेला आहे.

हे असंच चालू राहील असं मला वाटत होतं. एके दिवशी गेलो तर स्टुडिओत सरोवर नव्हतं, बाग नव्हती, जिनाही नव्हता. भिंतीभर एक हिरवंगार कापड ताणलेलं होतं, ऑपरेशनच्या खोलीत असतं तसलं.

"या, या, लेखक!" फोटोवाले कंप्युटरसमोरून ओरडले. चेहरा नव्या खेळण्यासारखा चकाकत होता. "आता मागे वाट्टेल ते टाकतो! बर्फ म्हणा, राजवाडा म्हणा. तुम्हाला चंद्रावर उभं करू?"

"पडेन," मी म्हणालो. "वहिनी कुठायत?"

वहिनी काउंटरवर होत्या. सासूबाईंच्या हाताला कंप सुटला होता, म्हणून कटरवर आता वहिनी बसल्या होत्या. खाली दाब, कच्च. खाली दाब, कच्च. दर वेळी एक गंभीर चेहरा सुटा होऊन खाली पडायचा. वहिनींची नखं स्वच्छ होती. इतक्या वर्षांत मी त्या नखांत निळा रंग नाही असं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा कॉलेजच्या प्रवेशांची धामधूम होती. अर्जावर चिकटवायला फोटो हवा म्हणून पोरापोरींची रांग लागलेली. त्यात एक मुलगी स्वतःपेक्षा मोठी फाइल काखोटीला मारून आली. तिला आपल्या चित्रांचेही फोटो काढून हवे होते.

"कशाला गं?" वहिनींनी विचारलं.

"पोर्टफोलिओ आहे, काकू. विद्यापीठात चित्रकलेची पदवी आहे ना, त्याला मार्क बघत नाहीत. आपली चित्रं बघतात आणि मुलाखत घेतात."

वहिनींचा हात कटरवर तसाच राहिला. "आणि वय?"

"वयाची अट नाहीये. का? तुमच्या मुलीला करायचंय?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "माझ्याच ओळखीतली आहे एक."

त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. फोटोवाले कंप्युटरवर एका विमा एजंटला बर्फाच्या शिखरावर चढवत होते. सासूबाई सुटे चेहरे पाकिटात भरत होत्या.

"मी अर्ज करणार आहे," वहिनी म्हणाल्या.

"कर की," फोटोवाले म्हणाले. "कशाचा?"

"विद्यापीठात. चित्रकलेला."

फोटोवाल्यांचा हात हलला आणि विमा एजंट शिखरावरून घरंगळत दरीत गेला.

"कॉलेजात?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, तू वर्गात शिरलीस तर पोरं उठून उभी राहतील. त्यांना वाटेल मुख्याध्यापिका आल्या."

"राहू देत उभी. आजवर सगळे माझ्या चित्रांपुढे उभेच राहिलेत." वहिनींचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा खालून येत होता. "आई, मला एकदा असं चित्र काढायचंय, ज्याच्यापुढे कुणी उभं राहणार नाही."

"तशी चित्रं पुष्कळ चित्रकार काढतात, वहिनी," मी म्हणालो. "मी त्यांच्या प्रदर्शनांना गेलोय."

कुणी हसलं नाही. मी चहा प्यायलो.

"आणि नाही मिळाला प्रवेश तर?" फोटोवाल्यांनी हळूच विचारलं.

वहिनींनी कटरकडे बोट केलं. "हे आहेच की."

एवढंच. पण त्या दिवसापासून आम्ही सगळे त्या अर्जाच्या मागे लागलो, सासूबाईसुद्धा. फक्त त्या मागे लागताना कुरकुरत होत्या.

पहिली अडचण फोटोचीच आली. अर्जावर अर्जदाराचा फोटो हवा होता, आणि त्या घरात, जिथे गावातली सगळी माणसं पाकिटापाकिटांत भरून ठेवलेली होती, तिथे वहिनींचा एकही फोटो निघेना. "लग्नातला?" मी म्हणालो. फोटोवाले ओशाळले. "लग्नात फोटोवाला मीच होतो ना. नवरदेवाने कॅमेरा धरायचा तर शेजारी उभं कोण राहणार?" मग त्यांनी वहिनींना हिरव्या कापडापुढे उभं केलं. "हनुवटी खाली. इकडे बघ." वहिनी इकडे बघायच्या आणि बटण दाबायच्या ऐन वेळेला वळून मागच्या कापडाकडे बघायच्या.

"अगं, तोंड इकडे!"

"सवय नाही हो. वाटतं मागे काहीतरी राहिलंय."

शेवटी सासूबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून ठेवलं. अर्जावर जो फोटो गेला त्यात नीट पाहिलं तर वहिनींच्या कानांपाशी चार बोटं दिसतात.

दुसरी अडचण मोठी होती. पोर्टफोलिओत दहा चित्रं हवी होती, आणि वहिनींकडे एकही नव्हतं. नवा पडदा म्हणजे नवं कापड नव्हे. जुन्यावरच नवा हात. सरोवराखाली बाग होती, बागेखाली जिना, जिन्याखाली समुद्र. मी पडलो तेव्हा जिथे फाटलं होतं तिथे कडेला ते थर केकच्या तुकड्यासारखे दिसत होते. वहिनींचं सगळं आयुष्य एका मांजरपाटावर एकाखाली एक झोपलेलं होतं.

"पण लोकांच्या घरी आहेत की!" मी म्हणालो.

मग मी आणि वहिनी घरोघर हिंडलो. किराणावाल्याकडे गेलो, शिंप्याकडे गेलो, निवृत्त हेडमास्तरांकडे गेलो. लोक फोटो काढून आणायचे, बाहीने पुसायचे आणि मग कुठल्या कुठे निघून जायचे. हेडमास्तर म्हणाले, "त्या दिवशी वारा किती होता!" आणि खरंच त्यांनी केसांवरून हात फिरवला. शिंप्याची आई समुद्राचा फोटो मांडीवर घेऊन म्हणाली, "वाळू फार शिरली होती चपलेत." वहिनी हे सगळं ऐकत उभ्या राहायच्या, परक्या गावाला आल्यासारख्या. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "भाऊजी, मी सोडून सगळे जाऊन आले हो तिथे."

फोटो मिळाले, पण प्रत्येकात ऐन मध्ये माणूस. माणूस जितका सुखी तितका रुंद. किराणावाल्याने तर लग्नाच्या दिवशी अख्खं कारंजं झाकलं होतं.

"त्यात काय!" फोटोवाले म्हणाले. बायकोसाठी काहीतरी करायला मिळतंय म्हणून ते फुलून गेले होते. "माणूस पुसतो. हे बघा, किराणावाला गेला."

किराणावाला स्वतःच्या लग्नातून गेला. कंप्युटरने त्याच्या जागी अंदाजाने कारंजं, झुडपं आणि अर्धा मोर भरला.

"हे काय?" वहिनी पुढे वाकल्या. "इथे मी काही काढलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"मध्ये माणूस उभा राहणार. तिथे रंग कशाला घालवायचा? नुसता फिका हात मारायचा आणि कडेला काम करायचं. सगळ्या पडद्यांत तसंच आहे."

आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो. सरोवरात, बागेत, समुद्रात, गावातल्या प्रत्येक आठवणीच्या मधोमध, माणसाएवढी रिकामी जागा होती.

"मग? मीच शिकवलंय ते तिला," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "रंग काय आभाळातून पडतो?"

जुनं काही हाती लागणार नव्हतं. नवी दहा चित्रं काढायची ठरलं. हिरव्या कापडामागचा बोळ पुन्हा उघडला. कौलाच्या काचेतून पट्टा उतरला, धूळ तरंगू लागली, सरस शिजला. आठवड्याभरात वहिनींची नखं निळी झाली आणि मला रात्रीची झोप नीट लागू लागली.

त्या दुपारी कशा गेल्या ते मला नीट सांगता येत नाही. आठवतं ते असं, की मी स्टुलावर बसलोय आणि समोरच्या कागदावर नदीचं वळण येतंय. मग रानातली वाट येते, वाटेच्या दोन्ही अंगांना ओली झाडं. मग उन्हातली गच्ची, वाळत घातलेल्या चादरी, चादरींमागून कुणीतरी आत्ताच गेल्यासारख्या हललेल्या. बाहेर फोटोवाल्यांचं "हनुवटी खाली" चालू असायचं आणि ते मला फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं.

सहाव्या चित्राला सासूबाई काठी टेकत आत आल्या. फळांचं चित्र होतं. अर्जात एक वस्तुचित्र हवं असं लिहिलेलं. टेबलाच्या डाव्या कडेला सफरचंदं होती, उजव्या कडेला पेरू आणि किटली. मध्ये स्वच्छ टेबल.

"मधली फळं कुणी खाल्ली?" सासूबाईंनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. आम्ही सगळी चित्रं भिंतीला लावून पाहिली. नदी दोन्ही काठांनी भरलेली आणि मध्ये फिकट. रानातली वाट मध्येच धुक्यात विरलेली. गच्चीत मधोमध नुसतं ऊन. सहाच्या सहा चित्रं कुणाची तरी वाट बघत होती.

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या आणि डब्यावर बसल्या. डब्याला झाकण नव्हतं.

मग मध्यभाग भरायची मोहीम निघाली. मनुष्याकृती हवीच होती, तर मी बसलो. दोन दुपारी मान ताठ ठेवून बसलो, श्वास आत घेऊन पोट मागे पाठवलं. झाल्यावर पाहिलं तर खुर्ची होती, खिडकी होती, माझा चहाचा कप वाफेसकट होता.

"मी कुठाय?"

"तुम्ही आहात की," वहिनी गोंधळून म्हणाल्या. "समोर."

नदीच्या मध्ये त्यांनी एकदा मोठ्या निग्रहाने एक झाड काढलं. दुसऱ्या दिवशी तिथे ढग होता. झाड पुसलं होतं. "काय करू, भाऊजी? सारखं वाटतं, इथे कुणीतरी येऊन उभं राहील आणि झाड त्याच्या डोक्यातून उगवल्यासारखं दिसेल."

मुलाखतीचा दिवस आला तेव्हा दहा चित्रं तयार होती आणि दहाही मध्ये रिकामी. फोटोवाल्यांनी ती ठेवायला स्वतः शिवून एक भलीमोठी पिशवी केली. कापड मी फाडलेल्या सरोवराचं. झाकणावर नेमका माझा अर्धा हंस आला होता. त्या दिवशी त्यांना शाळेचा समूहफोटो होता, म्हणून पिशवी उचलायला मी गेलो. निघताना त्यांनी वहिनींची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "हनुवटी खाली."

विद्यापीठाच्या व्हरांड्यात रंगीबेरंगी केसांची पोरं भिंतीला टेकून बसली होती. वहिनींना पाहताच एक मुलगा ताडकन उठला. "मॅडम, मुलाखती तुम्ही घेणार का?"

"आई म्हणाल्या तसंच झालं," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना.

आत तिघं होती. बॉबकट केलेल्या विभागप्रमुख बाई, एक दाढीवाले तरुण प्राध्यापक, आणि एक म्हातारे प्राध्यापक, जे बहुतेक झोपले होते. चित्रं मोठी, म्हणून ती धरायला मला आत राहू दिलं. मी एकेक चित्र उचलून धरत गेलो.  

"ही मधली पोकळी तुम्ही जाणीवपूर्वक सोडलीये?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"नाही, सर. सवयीने."

"पण ही जी अनुपस्थिती आहे, ती फार..."

"अनुपस्थिती नाही, सर. कुणीतरी यायचंय अजून."

"कोण?"

"जो येईल तो. तुम्ही या हवं तर."

दाढीवाले आधी हसले, मग खरंच उठून आले आणि रानातल्या वाटेपुढे उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यामागे चित्र धरलं. "जरा डावीकडे," वहिनी म्हणाल्या. "हात सैल सोडा." त्यांनी हात सैल सोडले आणि सगळं रान त्यांच्याभोवती मिटल्यासारखं झालं. मी मागे होतो, मला दिसलं नाही. पण बाकीच्यांचे चेहरे दिसले. मग बॉबकटबाई म्हणाल्या, "मी नदीपाशी बघू?" त्या नदीपाशी गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. माझे हात भरून आले तरी मी हललो नाही. "इथे मी आलेय कधीतरी," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्याबरोबर एक कुत्रा होता."

तेवढ्यात म्हाताऱ्यांनी एक डोळा उघडला. "बाई, यात तुम्ही कुठे आहात?"

"मी?" वहिनी म्हणाल्या. "मी नसते, सर. मी पडद्यामागे असते."

म्हाताऱ्यांनी टेबलावरून एक कोरा कागद पुढे सरकवला. "अर्धा तास आहे. मधोमध तुम्ही."

वहिनी खाली बसल्या. नेहमीप्रमाणे कडेपासून सुरुवात केली. कौलातली काच आली, उजेडाचा पट्टा आला, सरसाचं पातेलं, डबे, स्टुलावरचा चहा आणि बशीत एक बिस्किट. मला तो बोळ इतका ओळखीचा होता की रंगाचा वास आला. मग सगळं झालं आणि मध्ये माणसाएवढी जागा उरली. ब्रश तिच्याजवळ गेला आणि वळला. पुन्हा गेला, पुन्हा वळला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मला प्रत्येक वेळी काहीतरी विनोद सुचलेला आहे. तेव्हा सुचला नाही.

वहिनींनी डोळे मिटले, उघडले, आणि ब्रश मध्ये टेकवला. आधी एक अंबाडा आला. मग मान, पाठीवरची अॅप्रनची गाठ, वर उचललेला हात आणि हातात ओलं फडकं. बाई पाठमोरी होती. ती पडद्याकडे तोंड करून ढग पुसत होती. अंबाडा जरा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झाला होता हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण तिच्यापुढे कुणालाही उभं राहता आलं नसतं. जागाच नव्हती.

म्हाताऱ्यांनी कागद हातात घेतला. "चेहरा?"

"तेच शिकायला आलेय, सर," वहिनी म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. चित्रं त्यांनी तिथेच ठेवून घेतली होती, म्हणून रिकामी पिशवी मांडीवर, त्यावर अर्धा हंस. बाहेर खऱ्या आकाशात खरे ढग होते आणि वहिनी हनुवटी तळहातावर टेकून त्यांच्याकडे बघत होत्या. शेतं मागे जात होती, खांब मागे जात होते, ढग मात्र आमच्याबरोबर येत होते. मला वाटलं, आता त्या काहीतरी फार मोठं बोलणार.

"खालची कड जरा घाईत केलीये," त्या म्हणाल्या.

घरी फोटोवाले दारात उभे होते. शाळेचा समूहफोटो त्यांनी म्हणे इतक्या घाईत उरकला की हेडबाईंचे डोळे मिटलेले आले. सासूबाई काउंटरमागून बघत होत्या, बघत नसल्यासारख्या.

"भरलं का मधलं?"

"भरलं, आई."

"कोण काढलंस?"

"मी."

सासूबाईंनी दोन पासपोर्ट फोटो पाकिटात घातले. मग म्हणाल्या, "कशी दिसतेस?"

"पाठमोरी."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "पाठ चांगली आहे तुझी. ताठ."

मग त्यांनी मला चहा टाकायला लावला, आणि वहिनींना बसवून ठेवलं. फोटोवाले कॅमेरा घेऊन आले, आणि वहिनी हसत होत्या म्हणून या वेळी डोकं कुणाला धरावं लागलं नाही. मागे काहीच नव्हतं, नुसती भिंत. तो फोटो आता काउंटरवर असतो.

यादी महिन्याभराने लागली. ढगवहिनी प्रतीक्षायादीत तिसऱ्या होत्या. त्या वर्षी दोघांनीच जागा सोडली.